होडीतली बारा माणसं

पौड,
रविवार, १२ जानेवारी २०२५

फुफी,
अस्सलाम आलैकुम.

पंधरा डिसेंबरच्या पत्रात माझ्या हातून एक चूक झाली आहे, ती आधी दुरुस्त करते. चिरेवाडीहून परतताना होडीत तेरा माणसं होती असं मी लिहिलं होतं. तेरा नव्हती. भिकू नावाडी सोडून बारा होती. नुसतं पत्रच चुकलं असतं तर मी इतकी घाबरले नसते. पण त्या पत्रासोबत तुम्हाला पाठवलेला कागद ही होडीच्या समितीपुढे दिलेल्या माझ्या जबाबाची नक्कल होती, आणि जबाबातही माझ्या सहीच्या वर तेराच लिहिलेलं आहे.

चूक कशी कळली ते सांगते. गुरुवारी बहिरू इंद्रायणी तांदूळ घेऊन दुकानात आला. दुकानात वजनकाटा आहे, पण घरच्या तांदळाला अब्बा अजून दादांचीच पायली वापरतात. बहिरूनं स्वतः माप धरलं आणि लाभ, दोन, तीन असं म्हणत बारापर्यंत आला. मी वहीकडे बघतच अब्बांना म्हटलं, तेरा पायल्या. बहिरूनं पायली खाली ठेवली.

"तेरावी कुटनं आली, ताई? येक पायली वाऱ्यानं भरली का काय?"

मी म्हटलं, लाभ आणि वर बारा. तो हसला. "लाभ म्हंजीच येक. येकानं सुरवात करू न्हाई म्हनून लाभ म्हनायचं. इलाहीशेटच्या नातीला ह्ये म्हाईत न्हाई?"

दादांची नात असून मला खरंच माहीत नव्हतं. शाळेत जायच्या आधी पोत्यावर बसवून तुम्हीच मला मोजायला शिकवलंत. आपल्या घरात पहिलं माप बरकत म्हणून वेगळ्या डब्यात जातं, ते गरिबांना वाटायचं, आणि त्याच्यानंतर एक सुरू होतो. सगळं जग असंच मोजतं, असं मी तेविसाव्या वर्षापर्यंत धरून चालले होते.

त्या रविवारी भिकूमामा काठावर उभे राहून एकेकाच्या खांद्याला हात लावून मोजत होते. मी सगळ्यांच्या आधी बसले होते आणि चक्कर येते म्हणून डोळे मिटून मान खाली घातली होती. मला फक्त आवाज ऐकू आला. लाभ, दोन, तीन, शेवटी बारा, आणि होडी सुटली. बारात मी लाभ मिळवला. आणि जबाबात लिहिलं, "मी स्वतः मोजले." मी मोजलं नव्हतं, फुफी. ऐकलं होतं.

नियम बारा माणसांचा आहे. होडी कलली, बावधनचे ते निरंजन पाण्यात पडले, त्यांचं मनगट मोडलं, त्यांनी तक्रार केली. त्यांचा काही दोष नाही. पण आकडा त्यांनाही सांगता येत नव्हता. भिकूमामा बारा म्हणत होते, ते कुणी धरलं नाही. धान्याच्या दुकानातली मुलगी, अक्षर चांगलं, ती तेरा म्हणते म्हणून तेरा झाले. वीस डिसेंबरपासून त्यांची होडी काठावर ओढून साखळीनं बांधून ठेवली आहे.

अब्बा म्हणतात, सही केलेला कागद परत मागायचा नसतो. मापावर चालणारं दुकान आपलं. घरच्या मुलीला बारा मोजता आले नाहीत हे पौडच्या बाजारात कळलं की लोक आपल्या काट्याकडेही वाकून बघतील. त्यांचं म्हणणं मला समजतं. तरी मी जबाब दुरुस्त करणार आहे.

त्याआधी तुम्हाला एक विचारते. "जास्त वजनाने होडी कलली" असंही मी लिहिलं आहे. तोही माझा अंदाजच. बारा असतील तर वजन जास्त नव्हतं. मग होडी कलली कशानं? माझे डोळे मिटलेले होते. तुम्ही माझ्या मागच्याच फळीवर होतात. तुम्हाला काय आठवतं ते कळवा.

तुमची
शिरीन

कासारसाई,
रविवार, १९ जानेवारी २०२५

शिरीन बेटा,
वालेकुम सलाम, आणि दुआ.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. पत्रानं लिहिलंस ते बरं केलंस. फोनवर बोलले की वाजिद बाजूला बसून ऐकतो आणि मध्येच विचारतो, अम्मी, कुठली होडी? त्याला मी अजून एवढंच सांगितलंय की डिसेंबरात दोन दिवस पौडला भावाकडे राहिले. ते खोटं नाही. शनिवारी सकाळी तुमच्याकडे चहा घेतलाच होता.

तेराचं ऐकून मला आधी हसू आलं आणि मग वाईट वाटलं. चूक तुझी नाही, माझ्या शिकवणीची. बरकत आपल्या घरची, हे सांगायचं मी विसरले. लहान मुलीला कोण एवढं फोड करून सांगतं? तू आकडा बारा कर आणि मोकळी हो. तुझ्या अब्बाला, असलमला म्हणावं, आपाचं ऐक. दुकान एवढ्यानं बुडत नाही.

बाकी त्या दोन दिवसांची मला रोज आठवण येते. एकसष्ट वर्षांची झाले, एसटीच्या खिडकीतूनच ते पाणी बघत आले. तुझे फुफा म्हणायचे, येत्या रविवारी जाऊ. त्यांचा रविवार आलाच नाही. तू माझ्याबरोबर आलीस. तुला चक्कर येत होती तरी आलीस, हे मी विसरणार नाही. पौडवरून एसटी, मग होडी, सारजाबाईच्या घरची तांदळाची भाकरी, आणि सकाळी पाण्यावरून येणारा तो गार वारा. सारजाबाईनं खोलीचे पैसे घेतानासुद्धा लाजत घेतले.

वाजिदनं महाळुंग्यात फ्लॅट बघितलाय. अकरावा मजला. मला म्हणतो, तिथं गेल्यावर बसनं फिरायचं नाही, मी गाडी बोलावून देईन, ती दारात येईल. मी म्हटलं, गाडीत बोलायला कोण असतं? तो हसला. पण तो बोलतो ते करतो.

होडी का कलली ते मला काय सांगता येणार? पाणीच ते. हलतं. समितीत कोण कुठं बसलं होतं हे विचारतात का?

तुझी
रोशनबी

पौड,
गुरुवार, २३ जानेवारी २०२५

फुफी,
सलाम.

तुमचं पत्र काल मिळालं, आणि कालच मी समितीचे चिटणीस मनीष यांना भेटून आले. मी सांगितलं की तेरा चूक, बारा बरोबर. लाभाचं सांगितलं. ते हसले नाहीत. हसले असते तर बरं वाटलं असतं.

ते म्हणाले, जबाब बदलायचा तर समितीपुढे उभं राहून बदलायचा, चिटणिसाच्या टेबलावर नाही. समिती सोमवारी, सतरा फेब्रुवारीला सकाळी अकराला बसणार आहे. त्याच दिवशी चिरेवाडीच्या काठावर होडी कुणाची चालायची ते ठरणार. पलीकडच्या एका रिसॉर्टनं मोटरबोटीसाठी अर्ज दिलाय. ती शनिवार-रविवार चालणार आणि रिसॉर्टच्याच पायरीला लागणार. वाडीच्या लोकांना आठवड्याचे पाच दिवस पाण्याला वळसा घालून चालत यावं लागेल. आत्ताही ते तसेच येतात.

मग त्यांनी मला विचारलं, "बारा होते तर होडी कलली कशानं? ते कोण सांगणार? कारण कळल्याशिवाय समिती होडी सोडायची नाही."

म्हणजे नुसता आकडा बदलून भागणार नाही. आणि बारासुद्धा मी अजून बहिरूच्या मापावरूनच म्हणते आहे. तोही एक अंदाजच झाला. एकदा ऐकीव गोष्टीवर सही करून बसले आहे, पुन्हा करणार नाही. एक फेब्रुवारीच्या शनिवारी मी चिरेवाडीला जाणार आहे. होडीत कोण कोण होतं ते माणसाच्या नावानिशी विचारून येईन.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. कोण कुठं बसलं होतं हे अजून कुणी विचारलेलं नाही. का?

शिरीन

कासारसाई,
सोमवार, २७ जानेवारी २०२५

शिरीन बेटा,
दुआ.

घाईत लिहिते, पोस्टात टाकणारा थांबलाय. वाडीला जाऊ नकोस. होडी बंद आहे म्हणजे दीड तास चालायचं. एकटी मुलगी, रस्ता रानातला. तिथल्या लोकांचा तुझ्यावर राग असणार, काहीबाही बोलतील. म्हातारी माणसं काय बघतात आणि काय सांगतात, त्यावर जाऊ नये.

बारा म्हण, सही कर, घरी ये. माणसानं सगळंच शोधायचं नसतं.

रोशनबी

पौड,
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

फुफी,
सलाम.

तुमचं पत्र शुक्रवारी मिळालं आणि मी शनिवारी गेले. तुमचं ऐकलं नाही याबद्दल माफ करा.

साडेसातच्या एसटीनं जाऊन होडीच्या काठाशी उतरले. काठावर भिकूमामांची होडी उपडी नाही, सुलटीच ठेवलेली आहे. ते एका डब्यानं पाणी आणून होडीत ओतत होते. मला आधी कळेना की होडीत पाणी कशाला. ते म्हणाले, लाकडी होडी पाण्याबाहेर राहिली की फळ्या वाळतात आणि सांधे उघडतात. म्हणून वीस डिसेंबरपासून ते रोज सकाळ-संध्याकाळ पाणी भरतात. आता ऊन वाढलंय. "आनखी पंदरा दिस दम काढंल," म्हणाले. "म्होरं न्हाई."

मी त्यांची माफी मागितली. काय बोलायचं ते बसमध्ये पाठ केलं होतं, त्यातलं अर्धंच आलं. त्यांनी डबा बाजूला ठेवून सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं की चालत जाताना पाणी आणलंय का. बस एवढंच.

वाट दीड तासाची नाही, फुफी, सव्वा दोन तासांची आहे. सारजाबाई ओसरीवर वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मला बघून उठल्या नाहीत.

"आलीस? पायली मोजनाऱ्याची पोर तू. मानसं मोजाया कुनी सांगितलं हुतं?"

मी पायरीवरच बसले. लाभ आणि बरकत सांगितलं. त्या सोलायच्या थांबल्या, मग हसायला लागल्या, आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावला. म्हणाल्या, तुझ्या एका बरकतीपायी माझं दूध रोज सकाळच्या गाडीला चुकतंय. मग चहा दिला.

अंगणवाडीच्या गौतमीताईंना त्यांनी बोलावून घेतलं. त्याही त्या दिवशी होडीत होत्या. आम्ही तिघींनी जमिनीवर वालाचा एकेक दाणा मांडला. आपण दोघी. निरंजन, त्यांची बायको आणि दोन मित्र. सारजाबाई, त्या लेकीसाठी तांदळाचं पोतं एसटीवर टाकायला निघाल्या होत्या. गौतमीताई. शाळेचं काम संपवून निघालेले दोन गवंडी. देवाला येऊन परत निघालेलं म्हातारं जोडपं. या वेळी मी एकापासून मोजलं. बारा दाणे.

मग मी विचारलं, होडी कशानं कलली?

गौतमीताईंनी सारजाबाईंकडे पाहिलं. मी म्हटलं, खरं कारण सांगता आलं नाही तर होडी सुटत नाही, असं चिटणीस म्हणालेत. तेव्हा सारजाबाईंनी सूप बाजूला सारलं.

"तुजी फुफी उबी ऱ्हायली. पलीकडं यष्टी दिसली तशी उटली, आन् ती पिवळी पिशवी हलवाया लागली. म्या म्हनलं, आवो बसा, बसा. तवर होडी येका अंगाला गेली. त्यो फोटू काढनारा काठालाच बसला हुता, त्यो गेला पान्यात."

हे समितीला का सांगितलं नाही असं मी विचारलं. त्यांनी दिलेलं उत्तर जसंच्या तसं लिहिते.

"भिकूदाजी नको म्हनले. होडीत बसला त्यो आपला पाव्हना. पाव्हनीचं नाव कागदावर घालायचं न्हाई, होडी गेली तर जाऊ दे."

परत येताना मी भिकूमामांना सरळ विचारलं. ते म्हणाले, "म्या वल्ह्याकडं बगत हुतो, ताई. काय दिसलं न्हाई." आणि पुन्हा डबा घेऊन पाण्याकडे गेले. ते माझ्याकडे न बघता बोलले.

त्या दिवशी एसटी सुटायची वेळ होऊन गेली होती तरी आपल्यासाठी थांबली, हे मी नशीब समजत होते. ड्रायव्हर तुम्हाला म्हणाला होता, आजी, लांबनं दिसलात. मला वाटलं, असंच म्हणतोय.

फुफी, मी पाहिलेलं नाही. म्हणून तुम्हाला विचारते. तुम्ही उभ्या राहिला होतात का?

शिरीन

कासारसाई,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

शिरीन,

हो. उभी राहिले होते.

चार दिवस हे पत्र लिहायला बसते आणि उठते. आता एकदाच लिहून टाकते.

साडेचारची ती शेवटची गाडी. आपण पाण्याच्या मधोमध होतो आणि काठावरच्या झाडामागून ती लाल गाडी निघताना दिसली. ती गेली असती तर त्या काठावरून वाजिदला फोन करावा लागला असता, आणि तो गाडी घेऊन आला असता, आणि मी कुठं होते ते सगळं उघडं झालं असतं. एवढा विचार तरी मी केला का, देव जाणे. आयुष्यभर एकच शिकलेय, एसटी बसलेल्या माणसासाठी थांबत नाही. उभं राहायचं, पिशवी हलवायची, ड्रायव्हरला दिसायचं. गाडी दिसली आणि मी उठले. पायाखाली रस्ताच आहे असं वाटलं मला. पाण्यावर आहे हे होडी कलल्यावर ध्यानात आलं. तो माणूस पडला आणि मी बसले. तू डोळे उघडलेस तेव्हा मी बसलेली होते. तू मला विचारलंस, फुफी, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, घाबरू नको.

तू पाठवलेली जबाबाची नक्कल मी वाचली. तेरा माणसं, जास्त वजन. वाचून मला हलकं वाटलं. मला माहीत होतं वजनाचं काही नव्हतं, तरी हलकं वाटलं. हे तुला सांगताना सगळ्यात जास्त लाज वाटते. बारा की तेरा ते मला ठाऊक नव्हतं, खरंच. पण उभं राहिलेलं ठाऊक होतं.

भिकूनं माझं नाव घेतलं नाही हे तुझ्या पत्रातून कळलं. मी त्याच्याशी त्या दोन दिवसांत दहा शब्दसुद्धा बोलले नव्हते.

आता माझं ऐक. बारा लिही. आणि लिही की कुणीतरी बाईमाणूस उभं राहिलं, नाव आठवत नाही. कारण मिळालं म्हणजे होडी सुटेल. माझं नाव घालू नकोस. वाजिदला हे कळलं तर तो ओरडणार नाही, तेच वाईट. तो शांतपणे म्हणेल, अम्मी, म्हणूनच मी सांगत होतो. मग अकराव्या मजल्यावरून मी खाली येईन ती त्याच्या सवडीनं. शिरीन, माझे गुडघे गेले, माणूस गेला, घर मुलाचं झालं. अर्धं तिकीट काढून खिडकीशी बसते ते तेवढे तास माझे स्वतःचे आहेत. ते जाऊ देऊ नकोस.

हे पत्र वाचून फाडून टाक.

रोशनबी

पौड,
बुधवार, १२ फेब्रुवारी २०२५

फुफी,
अस्सलाम आलैकुम.

तुमचं पत्र आज दुपारी आलं. फाडलेलं नाही. तुमच्या परवानगीशिवाय कुणाला दाखवणारही नाही. ते बरकतीच्या डब्यात खाली ठेवलं आहे, तिथं माझ्याशिवाय कुणी हात घालत नाही.

मी तुमच्यावर रागावलेली नाही. होडी एका अंगाला गेली तेव्हा तुमचा हात माझ्या खांद्यावर होता, हे मला आज आठवलं. तुम्ही बसायच्या आधी मला धरलं होतं.

पण तुम्ही सांगता तसं मी लिहू शकत नाही. कुणीतरी बाईमाणूस, नाव आठवत नाही, हे खोटं आहे. नाव मला ठाऊक आहे. आणि तुमचं नावही मी लिहू शकत नाही, कारण मी पाहिलेलं नाही. माझे डोळे मिटलेले होते. न पाहिलेलं पाहिलं म्हणून आणि न मोजलेलं मोजलं म्हणून मी एकदा सही केली आहे. त्यानं काय झालं ते काठावर बघून आले. सोमवारी मी समितीपुढे एवढंच सांगेन की मी मोजलं नव्हतं, ऐकलं होतं, आणि चुकीचं मिळवलं. होडीत बारा माणसं होती, ही त्यांची नावं, आणि सारजाबाई व गौतमीताई त्याला साक्षी आहेत. होडी कलली तेव्हा मी काही पाहिलं नाही, वजनाचं वाक्य माझ्या मनचं होतं. कुणी उभं राहिलं का असं विचारलं तर म्हणेन, मी पाहिलं नाही, ज्यांना ठाऊक आहे त्यांनी सांगावं. तिथं माझं सांगणं संपतं. उरलेलं सांगणारं माणूस एकच आहे.

सारजाबाई बोलणार नाहीत. भिकूमामांनी शब्द टाकलाय. ते स्वतः तर नाहीच. त्यांच्या पाहुण्यानं आपण होऊन तोंड उघडलं तरच त्यांचा शब्द मोडत नाही.

मी सात वर्षांची असताना तुम्ही मला बरोबर घेऊन एका घरी गेला होतात. आदल्या दिवशी दादांनी त्या घरच्या ज्वारीत एक मापटं कमी घातलं होतं आणि ते संध्याकाळी त्यांच्या ध्यानात आलं. तुमच्या हातात ज्वारीची पिशवी होती. वाटेत मी विचारलं, त्यांना कळलं तरी असतं का? तुम्ही म्हणालात, त्यांना कळायच्या आत आपण त्यांच्या दारी जायचं, म्हणून तर चाललोय. त्यांना कळल्यावर गेलो तर त्याला जाणं म्हणत नाहीत. तुम्हाला आठवतं का ठाऊक नाही. माझ्या दुसऱ्या कुठल्याही धड्यापेक्षा तो मला जास्त पाठ आहे.

वाजिदभाईंचं म्हणाल तर त्यांना काय वाटेल ते मला सांगता येत नाही, आणि सगळं नीट होईल असं खोटं आश्वासन मी देणार नाही. कदाचित ते तुम्ही म्हणता तेच म्हणतील. पण एकसष्ट वर्षांत एकदा चुकीच्या जागी उभी राहिलेली बाई, आणि मग त्या चुकीसाठी स्वतः बसनं येऊन उभी राहिलेली बाई, या दोघींना एकच समजणं त्यांनाही सोपं जाणार नाही. ते तुम्हाला गाडीनं पोहोचवतो म्हणाले तर नको म्हणा. इथं तुम्ही बसनंच या.

आज जेवताना अब्बांना सांगितलं की मी सोमवारी जाणार. सोमवारी सकाळी दुकान मी उघडते, तुम्हाला ठाऊक आहे. ताट उचलताना अब्बा म्हणाले, "सोमवारी मी उघडतो." संध्याकाळी बाजारातला एक जण दुकानात आला आणि हसत म्हणाला, काय शेठ, बारा पायल्यांच्या तेरा करता म्हणे. त्याला अब्बांनी काट्यावर साखर घालून दिली आणि म्हटलं, "घरी जाऊन मोज. कमी भरली तर पोरगी आणून देईल, तिला सवय आहे." फुफी, मी आतल्या खोलीत जाऊन रडले, पण ते वेगळं रडणं होतं.

पहाटे हिंजवडीची बस धरा. तिथून चांदणी चौक, आणि चौकातून पौडची गाडी. सात वाजता तुम्ही पौडला पोहोचलात तर साडेसातची एसटी मिळते. समिती अलीकडच्या शाळेच्या वर्गात बसणार आहे, होडीच्या काठापासून दहा मिनिटांवर. चढ नाही, गुडघ्यांना त्रास होणार नाही. बसस्टँडवर मी सव्वासहापासून उभी असेन. तुमची गाडी आली नाही तर साडेसातची येईपर्यंत थांबेन. साडेसातची मात्र सोडणार नाही. तुमच्यासाठीसुद्धा नाही.

समितीत सात माणसं आहेत, मी आजवर एवढ्या लोकांपुढे कधी बोललेली नाही. म्हणून सगळं कागदावर लिहून ठेवलं आहे आणि खाली सहीची जागा मोकळी सोडली आहे. ती सही मी त्यांच्यापुढेच करेन, आधी करणार नाही. बारा नावांतलं दुसरं नाव तुमचं आहे. त्याच्यापुढे "प्रवासी" एवढंच लिहिलंय. त्यापुढची ओळ कोरी आहे.

पिवळी पिशवी आणा. रस्त्यावर उभ्या राहून हवी तेवढी हलवा.

मी जाणार आहे सोमवारी, १७ फेब्रुवारीला, साडेसातच्या एसटीनं.

तुमची
शिरीन